पायाखालच्या चकाकीमागचा माणूस

सातपुड्याच्या कुशीत, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर, सण जवळ आला की घराघरांत एक काम हमखास चाललेले दिसते. घमेल्यात शेण कालवायचे, त्यात थोडी माती आणि बेताचे पाणी घालायचे, आणि आतल्या भिंतीपासून दाराकडे मागे मागे सरकत, हाताच्या पंज्याने अर्धगोल काढत सारी जमीन सारवून काढायची. खाली तापीकाठच्या सपाटीवर, शहादा, तळोदा, नंदुरबारच्या वाड्यांतही दोन-तीन पिढ्यांपूर्वी याहून वेगळे चित्र नव्हते. पुढे शहाबादी फरशी आली, कोबा आला, मोझॅक टाइल आली आणि आता आरशासारखी गुळगुळीत टाइल आली. घराची जमीन बदलली तसा पोतेऱ्याचा मान गेला आणि बादली-फडक्याचे राज्य सुरू झाले.

पण सारवणामागची कल्पना मात्र जुनी झालेली नाही. जमिनीवर एक पातळ थर द्यायचा, पायांची झीज त्या थराने सोसायची, खालची जमीन शाबूत राहायची, आणि थर विरला की पुन्हा नवा द्यायचा. मोठ्या शहरांतली रुग्णालये, शाळा, विमानतळ, दुकाने यांच्या जमिनीवर जी ओली वाटावी अशी चकाकी दिसते, ती बहुधा याच कल्पनेची नवी आवृत्ती असते. तिथे शेणाऐवजी दुधासारखे पांढरे पाणी मॉपने पसरतात. वाळल्यावर ते पारदर्शक होते. त्याला ॲक्रिलिक फ्लोअर फिनिश म्हणतात. हा ॲक्रिलिक पदार्थ ज्याने प्रयोगशाळेतून कारखान्यात आणि कारखान्यातून जगात नेला, त्या ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची ही कहाणी. आडनाव रोम असले तरी इटलीतल्या नगरीशी त्याचा काही संबंध नाही. आणि योगायोग असा की, या माणसाच्या भाग्याची सुरुवातही शेणासारख्याच एका वस्तूपासून झाली.

करपलेल्या तेलाची भावंडे

ऑटो रोमचा जन्म १४ मार्च १८७६ रोजी दक्षिण जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग प्रांतात, ओरिंगेन नावाच्या लहानशा गावी झाला. घरात संशोधनाची परंपरा वगैरे नव्हती. मुलगा औषधाच्या दुकानात उमेदवारी करू लागला. त्या काळचे औषधाचे दुकान म्हणजे नुसते पुड्या बांधण्याचे ठिकाण नव्हे. तिथे खलबत्ता, तराजू, अर्क काढण्याची भांडी असत आणि उमेदवाराला वजनमाप आणि स्वच्छता अंगवळणी पाडून घ्यावी लागे. तिथून तो म्युनिकला औषधनिर्माणशास्त्र शिकायला गेला, आणि मग ट्युबिंगेनच्या विद्यापीठात हान्स फॉन पेखमान या प्राध्यापकाच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी दाखल झाला.

पेखमानने त्याला विषय दिला तो ॲक्रिलिक आम्लाच्या बहुवारिकांचा. नाव जड असले तरी ओळख घरचीच आहे. कढईत तेल विसरून जास्त तापले की जो धूर निघतो आणि डोळ्यांना झोंबून पाणी काढतो, त्यात ॲक्रोलीन नावाचे द्रव्य असते. योसेफ रेडटेनबाखर या रसायनज्ञाने १८४३ साली या ॲक्रोलीनपासून एक आम्ल तयार केले, तेच ॲक्रिलिक आम्ल. त्याची आणि त्याच्या भाऊबंदांची खोड अशी की, ती बाटलीत स्वस्थ बसत नाहीत. उजेड किंवा उष्णता मिळाली की त्यांचे सुटे रेणू मण्याला मणी जोडावा तसे एकमेकांत ओवले जातात आणि लांबच लांब माळा तयार होतात. पातळ द्रव मग घट्ट होतो, कधी रबरासारखा, कधी काचेसारखा. या माळांनाच बहुवारिक म्हणतात.

त्या काळच्या रसायनज्ञांना हे असले चिकट गोळे म्हणजे फुटक्या नशिबाची खूण वाटे. शुद्ध स्फटिक हाती आले तर प्रयोग साधला, आणि भांड्याच्या तळाशी चिकटा उरला तर तो घासून टाकायचा, अशी रीत होती. पेखमान त्याला थोडासा अपवाद होता. त्याच्याच प्रयोगशाळेत १८९८ साली एका प्रयोगातून अनपेक्षितपणे मेणासारखा पांढरा पदार्थ निघाला होता. आज आपण ज्याला पॉलिथिलीन म्हणतो त्याच घडणीचा तो होता, पण तेव्हा कुणाला त्याचा उपयोग सुचला नाही. हे पॉलिथिलीन या कहाणीत पुढे पुन्हा येणार आहे.

रोमने १९०१ साली प्रबंध सादर केला, पदवी मिळवली. प्रबंध कपाटात गेला. पण तो चिकट, पारदर्शक गोळा मात्र त्याच्या डोक्यातून गेला नाही. पुढची सव्वीस वर्षे हा माणूस त्या गोळ्यासाठी योग्य वेळेची वाट पाहत राहिला, आणि वाट पाहताना पोट भरण्यासाठी त्याने जे केले तेच आधी जगभर गाजले.

कातडी आणि विष्ठा

पदवीनंतर रोमने डार्मश्टाटच्या मर्क कंपनीत काही काळ नोकरी केली आणि मग तो स्टुटगार्ट शहराच्या गॅस कारखान्यात रसायनज्ञ म्हणून लागला. दगडी कोळशापासून दिव्यांसाठी गॅस करण्याचा तो कारखाना. नोकरी सुरक्षित होती, पण वासाची होती. गॅस धुतलेल्या पाण्याला अमोनियाचा उग्र दर्प येई. शहरात कातडी कमावण्याचे कारखाने होते, तिथल्या दर्पाशी या वासाचे साम्य त्याच्या नाकाला जाणवले, आणि चक्र फिरू लागले.

कातडी कमावण्याच्या कामात एक पायरी अशी असते की तिच्याबद्दल जेवणाच्या पानावर बोलू नये. कातडे आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरचे केस काढतात. त्याने कातडे फुगते आणि ताठ होते. ते मऊ, लवचिक व्हावे म्हणून युरोपात शतकानुशतके कुत्र्यांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेच्या कोमट पाण्यात ते बुडवून ठेवत. त्यानंतरच ते खरे कमावायला घेत. आपल्याकडे हिरडा आणि बाभळीची साल कमावण्यासाठी वापरतात, ती पुढची पायरी. विष्ठेच्या त्या पिंपांवर काम करणाऱ्यांच्या हाताला रोग जडत. शिवाय आज विष्ठा कशी असेल यावर उद्याच्या कातड्याची प्रत ठरे, म्हणजे धंदाही नशिबावर. समाजाने या लोकांना दूर ठेवले ते युरोपातही आणि आपल्याकडेही. पण त्यांनी कमावलेले बूट मात्र सगळ्यांनी घातले.

विष्ठेचा गुण अमोनियासारख्या द्रव्यांत असेल, असे रोमला प्रथम वाटले. गॅस कारखान्याचे पाणी शुद्ध करून त्याने ते कातड्यावर लावून पाहिले. काही दिवस यश आल्यासारखे दिसले, पण प्रत्यक्ष कारखान्यात ते टिकले नाही. इथे दुसरा कुणी असता तर नोकरीकडे वळला असता. रोमने आपली कल्पनाच पुन्हा तपासली. एडुआर्ड बुखनर या शास्त्रज्ञाने थोड्याच वर्षांपूर्वी दाखवले होते की, आंबवण्याची क्रिया जिवंत पेशीवाचूनही होते. पेशींतून काढलेल्या रसातली विकरे, म्हणजे एंझाइम, हे काम करतात. तेव्हा विष्ठेत काम करतात ती पचनाची उरलीसुरली विकरे तर नव्हेत, असा प्रश्न रोमने स्वतःला घातला. आणि तसे असेल तर विष्ठेपर्यंत थांबायचे कशाला? विकरांचे मूळ ठिकाण जनावराच्या स्वादुपिंडात असते, आणि कत्तलखान्यात स्वादुपिंडे फेकून दिली जातात.

स्वादुपिंडाचा अर्क, अमोनियाचे क्षार आणि लाकडाचा भुसा यांची पूड त्याने तयार केली. मोजून टाकावी, ठरलेल्या वेळात काम व्हावे, दुर्गंधी नाही. १९०७ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. मालाचे नाव ठेवले ओरोपॉन. जगातल्या चामड्याच्या धंद्यातली विष्ठेची पिंपे हळूहळू रिकामी होत गेली ती या पुडीमुळे. हजारो माणसांच्या हातांवरची घाण एका माणसाच्या विचाराने दूर झाली. रोमने आयुष्यात दुसरे काहीही केले नसते तरी एवढ्यावर त्याची आठवण ठेवायला हरकत नव्हती.

दोन ऑटो

शोध लावणे एक आणि विकणे दुसरे. रोमला एक मित्र होता, त्याचेही नाव ऑटोच. ऑटो हास. स्टुटगार्टचा, रोमहून चार वर्षांनी मोठा, व्यापारी वळणाचा, अमेरिकेत राहून आलेला. ६ सप्टेंबर १९०७ रोजी एसलिंगेन गावात या दोघांनी रोम अँड हास ही कंपनी काढली. रोम प्रयोगशाळा आणि कारखाना सांभाळी. हास कातडीवाल्यांच्या दारात जाई. १९०९ साली कंपनी डार्मश्टाटला हलली आणि त्याच वर्षी हास अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेला आणि तिथे त्याने दुसरे बिऱ्हाड थाटले.

बँकेत वर्षानुवर्षे कर्जाचे अर्ज वाचलेल्या माणसाला अशा भागीदाऱ्यांचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. शोधक एकटा असला की फायली भरतात आणि तिजोरी रिकामी राहते. व्यापारी एकटा असला की तिजोरी भरते, पण दहा वर्षांनी विकायला नवे काही नसते. या दोन ऑटोंनी एकमेकांच्या कामात फार ढवळाढवळ केली नाही. ओरोपॉनच्या नफ्यातून रोमने विकरांचा पुढचा उपयोग शोधला. १९१४ साली कपडे भिजवण्यासाठी बुर्नुस नावाची विकरयुक्त पूड बाजारात आली. आज कपडे धुण्याच्या पावडरीवर एंझाइम हा शब्द छापलेला असतो, त्याचे मूळ तिथे आहे.

आणि आता हातात थोडे पैसे असताना रोम आपल्या जुन्या प्रबंधाकडे परतला. ॲक्रिलिकपासून रबराला पर्याय करता येईल, अशा अर्थाचे पेटंट त्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मिळवले. पण युद्ध आले आणि गणिते बदलली. अमेरिकेत शत्रुराष्ट्राच्या नागरिकांच्या मालमत्तेवर टाच आली, त्यात तिथल्या कंपनीतला रोमचा वाटाही गेला. डार्मश्टाटची कंपनी आणि फिलाडेल्फियाची कंपनी कायद्याने वेगळ्या झाल्या. दोन्हींच्या दारांवर मात्र त्याच दोन मित्रांची नावे राहिली.

काचेसारखे, पण काच नव्हे

अडचण होती ती स्वस्तात माल करण्याची. प्रयोगशाळेत चमचाभर ॲक्रिलिक करणे वेगळे आणि पिंपभर करणे वेगळे. डार्मश्टाटमधल्या वाल्टर बाउअर या रसायनज्ञाने ही कोंडी फोडली, आणि १९२७ साली रोमच्या कारखान्यात ॲक्रिलिकचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. प्रबंधाला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती. तरुण उमेदवाराच्या जागी आता पन्नाशी ओलांडलेला कारखानदार उभा होता.

सुरुवातीचा माल मऊ आणि चिकट होता. रंगरोगणात आणि दोन काचांच्या मध्ये चिकटवण्यासाठी तो वापरत. गाडीची काच फुटली तरी तिचे तुकडे त्या चिकट थराला धरून राहत. मग मिथाइल मेथॅक्रिलेट या त्याच कुळातल्या द्रव्याकडे मोर्चा वळला. दोन काचांच्या मध्ये ते ओतून घट्ट होऊ दिले, तर ते काचांना चिकटायचेच नाकारून स्वतःच एक स्वच्छ पारदर्शक तक्ता होऊन बाहेर आले. काचा जोडणारा डिंक हवा होता, हाती आली ती काचेची सवत. वजन काचेच्या निम्मे, आणि शंभरातला ब्याण्णव भाग उजेड आरपार जाऊ देणारी. १९३३ साली तिची प्लेक्सिग्लास या नावाने नोंद झाली. इंग्लंडमध्ये जवळपास त्याच सुमारास स्वतंत्रपणे तोच पदार्थ पर्स्पेक्स या नावाने आला. १९३७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात रोमच्या काचेला मोठा पुरस्कार मिळाला.

पण तो काळ पुरस्कारांचा आनंद भोगू देणारा नव्हता. जर्मनीत हिटलरची सत्ता होती, विमाने बांधली जात होती आणि विमानांना हलक्या, वळवता येणाऱ्या, पारदर्शक खिडक्या हव्या होत्या. प्लेक्सिग्लासला सर्वांत मोठे गिऱ्हाईक मिळाले ते युद्धाचे. १ सप्टेंबर १९३९ रोजी दुसरे महायुद्ध सुरू झाले. १७ सप्टेंबरला, वयाच्या ६३ व्या वर्षी, ऑटो रोमचे बर्लिनमध्ये निधन झाले.

त्याच्या पश्चात त्याचा पदार्थ दोन्ही बाजूंनी लढला. जर्मन विमानांवर डार्मश्टाटचे तक्ते, अमेरिकन विमानांवर हासच्या कंपनीचे तक्ते आणि ब्रिटिश विमानांवर पर्स्पेक्स. ११ सप्टेंबर १९४४ च्या रात्री ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांनी डार्मश्टाट शहर जाळले आणि त्यात हजारो माणसे मेली. त्या विमानांच्या नाकाशी बसून खाली नेम धरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे ॲक्रिलिकचाच पारदर्शक घुमट होता. ज्या गावाने हा पदार्थ जगाला दिला, त्या गावाकडे त्याच पदार्थातून पाहत मरण आले. शोध लावणाऱ्याच्या हाती शोध असतो, पण त्याचा वापर त्याच्या हाती राहत नाही, याचे याहून मोठे उदाहरण कुठे शोधायचे?

त्याच युद्धातून एक भले कामही निघाले. लढाऊ विमानाची काच फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत तिचे कण जात. हॅरॉल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आले की, हे ॲक्रिलिकचे कण डोळ्यात तसेच राहिले तरी डोळा त्यांच्याविरुद्ध बंड करत नाही. त्यावरून त्याने २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात ॲक्रिलिकचे भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. आज आपल्या घरातली आजी मोतीबिंदूचे ऑपरेशन करून येते आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसते, तेव्हा तिच्या डोळ्यात बहुधा ॲक्रिलिकच्याच घराण्यातले भिंग असते.

पिंपात काय घडते

युद्ध संपले, विमानांची मागणी आटली आणि कारखान्यांना घराघरांत शिरायचे मार्ग शोधावे लागले. हासच्या अमेरिकन कंपनीने १९५३ साली घराच्या रंगासाठी पाण्यात मिसळलेले ॲक्रिलिक बाजारात आणले. भिंतीवरून ते जमिनीवर उतरायला फार वेळ लागला नाही. तोवर पाश्चात्त्य घरांत जमिनीला मेण लावत. ब्राझीलमधल्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरचे मेण त्यासाठी नावाजलेले होते. आपल्याकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवर होणाऱ्या लाखेचाही पॉलिशमध्ये उपयोग होई. पण मेण घासून घासून चमकवावे लागे, ते निसरडे होई आणि पिवळे पडे. ॲक्रिलिकला घासावे लागत नव्हते. वाळले की चमकले.

हे दुधी पाणी कसे करतात ते पाहण्यासारखे आहे. ढवळणी बसवलेल्या बंद पोलादी पिंपात पाणी आणि साबणाच्या जातीचे द्रव्य घेऊन ते सुमारे ऐंशी अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. मग त्यात ॲक्रिलिक कुळातली सुटी द्रव्ये काही तास हळूहळू सोडतात, आणि सोबत माळ ओवायला सुरुवात करून देणारे परसल्फेट. एकदम ओतून चालत नाही, कारण ओवले जाताना ही द्रव्ये स्वतःच उष्णता सोडतात. म्हणून पिंपाभोवती गार पाणी खेळते ठेवावे लागते. साबणाच्या आधाराने प्रत्येक थेंबुकल्यात माळा वाढतात, आणि शेवटी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे असंख्य कण पाण्यात तरंगत राहतात. त्यांच्यावरून उजेड विखुरतो म्हणून ते पाणी दुधासारखे दिसते. याला पायस म्हणतात.

कोणती द्रव्ये किती घ्यायची यातच कारागिरी आहे. मिथाइल मेथॅक्रिलेट थर कडक करते, ब्युटाइल ॲक्रिलेट मऊपणा देते. फार कडक झाले तर वाळताना थर भुकटी होऊन उडतो, फार मऊ झाले तर चपलांचे ठसे उमटतात आणि धूळ चिकटते. भाकरीच्या पिठात पाण्याचा अंदाज चुकला की ती चिरते किंवा हाताला चिकटते, तसेच हे. स्टायरीन चमक वाढवते. आणि थोडेसे मेथॅक्रिलिक आम्ल घालतात, त्याचे काम पुढे येते.

या पायसात मग पॉलिथिलीनच्या मेणाचे पायस मिसळतात, म्हणजे ओरखडे कमी पडतात आणि पाय घसरत नाही. पेखमानच्या भांड्यात निघालेल्या निरुपयोगी पांढऱ्या पदार्थाचे भाऊबंद आणि त्याच्या शिष्याच्या प्रबंधातला चिकट गोळा असे एका डब्यात येऊन भेटतात. शिवाय कण एकजीव व्हावेत म्हणून हळू उडणारे द्रावक, थर लवचिक राहावा म्हणून एक द्रव्य, फेस मारणारे एक, सपाट पसरवणारे एक, आणि अमोनियात विरघळवलेले जस्त.

मॉपने थर पसरला की पाणी उडू लागते. कण एकमेकांना टेकतात, दाबले जातात, द्रावकाने मऊ होऊन मिसळतात आणि दुधी रंग जाऊन काचेसारखा पापुद्रा उरतो. अमोनियाही उडतो, आणि मोकळे झालेले जस्त दोन माळांतल्या त्या आम्लाच्या टोकांना धरून गाठ मारते. साध्या साबणाच्या पाण्याने ही गाठ सुटत नाही. पण थर जुना झाला की अमोनियासारखी द्रव्ये असलेले तीव्र पाणी लावतात, ते जस्ताला परत ओढून घेते, गाठ सुटते, थर फुगतो आणि खरवडून काढता येतो. मारणे आणि काढणे दोन्ही सोपे व्हावे, या एका अटीतून ही जस्ताची युक्ती १९६० च्या दशकात रूढ झाली. अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने चार-पाच हात दिले तरी सगळा थर माणसाच्या केसापेक्षा पातळच असतो. पावसाळी दमट हवेत मात्र दोन हातांत जास्त वेळ सोडावा लागतो, नाहीतर खालचे पाणी अडकून चमक मरते.

घरातल्या माणसांनी एवढे लक्षात ठेवावे की, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलला याची गरज नाही. तिच्यावर हा थर नीट धरतही नाही. व्हिनाइलची जमीन, जुनी मोझॅक, यांना तो लाभतो.

झीज कोणाची?

या चकाकीची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. थर काढण्याचे तीव्र पाणी हाताची कातडी सोलते, त्याची वाफ घशाला लागते आणि ओली जमीन बर्फासारखी निसरडी होते. रात्री इमारत रिकामी झाल्यावर हे काम करणाऱ्यांना हातमोजे, बूट आणि मोकळी हवा मिळते का, हा प्रश्न दिवसा त्या जमिनीवरून चालणाऱ्यांना क्वचित पडतो. ते पाणी गटारात जाते तेव्हा त्याच्याबरोबर जस्त जाते, ते जलचरांना बाधते. झिजलेला थर म्हणजे प्लास्टिकचीच बारीक धूळ. सपाट पसरवण्यासाठी वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त द्रव्ये निसर्गात विघटित होत नाहीत, असेही कळून चुकले आहे. म्हणून जस्ताशिवायचे आणि फ्लोरिनशिवायचे प्रकार आता निघाले आहेत. सारवलेली जमीन उखणली तर ती मातीतच मिळते. ॲक्रिलिकला तेवढा साधेपणा अजून शिकायचा आहे.

ऑटो रोम असता तर त्याने या तक्रारीकडे कसे पाहिले असते? त्याच्या आयुष्याकडे पाहून अंदाज करता येतो. विष्ठेच्या पिंपांपाशी त्याने नाक दाबले नाही. तिथे राबणाऱ्यांचे हात आणि तिथला वास यांनाच त्याने प्रश्न मानले, पहिले उत्तर चुकल्यावर दुसरे शोधले, आणि फेकून दिलेल्या स्वादुपिंडात ते मिळवले. चकाकीचा धंदा आज त्याच टप्प्यावर उभा आहे. मित्र ऑटो हास १९६० साली गेला, त्याची अमेरिकन कंपनी २००९ साली डाऊ या मोठ्या कंपनीत विलीन झाली. डार्मश्टाटमध्ये मात्र रोमच्या नावाने कारखाना अजून चालतो.

आपल्या पदार्थाने जमीन चकाकते हे रोमने कधी पाहिले नाही. तो गेला तेव्हा त्याचा माल विमानांच्या खिडक्यांत होता. पंचविशीत लिहिलेला एक प्रबंध त्याने पोटापाण्याच्या धंद्यात हरवू दिला नाही, आणि धंदाही प्रबंधाच्या नादात बुडू दिला नाही. आपल्या घरांतली किती मुले रसायनशास्त्राची पदवी घेऊन कुठल्यातरी कारखान्यात पाळी करत असतात. त्यांच्या कपाटातही एखादी अशी वही असेल. ती रद्दीत घालण्याआधी घरच्यांनी एकदा विचारावे.